खेळणारी की न खेळणारी

२ फेब्रुवारी, रविवार

आज एक विचित्र गोष्ट लक्षात आली. रविवारी दुपारी बारापर्यंत मला फार काही होत नाही.

सुहास जाऊन महिना होत आला. इतर दिवशी डोळे उघडले की तिथूनच सुरू. पण रविवारी सकाळी तो घरात कधी नसायचाच. पहाटे उठायचा, मला जाग येऊ नये म्हणून शूज हातात घेऊन जिना उतरायचा, खाली मोहन गाडी घेऊन उभा. गोल्फ. त्यामुळे रविवारी घर रिकामं असलं तर ते बरोबरच वाटतं. पेपर वाचला, केस धुतले, बिरड्यासाठी वाल सोलत बसले. चक्क गुणगुणले. गेलाय खेळायला, येईल, असं आत कुठेतरी चालू होतं.

बारा वाजून गेले. मग जेवले नाही. वाल फ्रीजमध्ये.

५ फेब्रुवारी, बुधवार

क्लबचं पत्र आलं होतं, म्हणून आज जाऊन आले. इतक्या वर्षांत मी तिथे गेले असेन ती एकतीस डिसेंबरच्या जेवणाला, तीही दोनतीनदाच. दादरला टॅक्सीत बसून क्लबचं नाव सांगितलं तर ड्रायव्हरने आरशातून नीट बघून घेतलं. मी पण आरशात बघितलं. सुती साडी, भाजीची पिशवी. त्याचं काही चुकलं नाही.

ऑफिसातली मुलगी चांगली होती. सुहासची मेंबरशिप कोणी पुढे चालवायची आणि कशी, ते ३१ मार्चपर्यंत कळवायचं आहे. तिने बोटांवर मोजून सांगितलं. मी माझ्या नावावर घेऊ शकते, खेळणारी म्हणून, पण मग कोचकडे शिकून परीक्षा द्यायला हवी. किंवा न खेळणारी म्हणून, म्हणजे व्हरांडा, जेवण, पत्ते. किंवा मुलाच्या नावावर करायची. नाहीतर सोडून द्यायची.

मी म्हटलं, बायकोला एवढे उपद्व्याप कशाला? मग तिने सांगितलं, अगदी हळू आवाजात.

"मॅडम, सरांनी एकेरी घेतली होती. जोडीची असती तर तुमची आपोआप चालू राहिली असती."

घरी आले. एकेरी. जोडीची मिळत होती तर. मला कधी बोलला नाही. म्हणजे फॉर्म भरताना दोन चौकोन समोर असणार, आणि त्याने एकावर खूण केली असणार. त्याला विचारता येत नाही याचा आज पहिल्यांदा राग आला. आतापर्यंत नुसतंच रडू येत होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फणसवाडीहून माईंचा फोन. माई म्हणजे सु.ची मोठी बहीण, त्याला आईच्या जागी. क्लबात जाऊन आल्याचं त्यांना सांगितलं आणि फसले. प्रश्नच कुठे आहे म्हणाल्या. खेळणारीच घ्यायची. कावळ्यापुढे शब्द दिलाय.

दहाव्याचं तेव्हा लिहवलं नव्हतं. आज लिहिते.

बाणगंगेवर पिंड ठेवला आणि कावळे येईनात. यायचे, कठड्यावर बसायचे, मान वाकडी करून बघायचे, पिंडाला शिवायचे नाहीत. ऊन चढत होतं. मग नेहमीचं सुरू झालं. निखिल हात जोडून म्हणाला, बाबा, आईला मी सांभाळीन. काही नाही. माई म्हणाल्या, देवाधर्माचं सगळं मी बघते रे, जा तू सुखाने. काही नाही. गुरुजींना पुढचं काम होतं. दर्भाचा कावळा करून शिववू या का, असं त्यांनी विचारलं. माईंनी साफ नाही म्हटलं, माझ्या भावाला गवताचा कावळा चालणार नाही. तेव्हा मोहन पुढे झाला. लालबागचा मोहन परब, कॉलेजपासूनचा मित्र, रविवारचा भिडू. म्हणाला, "सुहास, तुझी मेंबरशिप बंद पडू देणार नाय. तुझ्या जागी वैनी खेळतील."

आणि कावळा शिवला.

सगळ्यांनी सुस्कारे सोडले. कोणीतरी डोळे पुसता पुसता हसलं, बघा, गोल्फमध्ये जीव अडकला होता म्हणून. मी वरच्या पायरीवर बसले होते. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही, वैनींना विचारणं तर लांबच.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. परळच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सगळी नोकरी गेली. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे नव्या मुलींना शिकवत आले. तरी त्या दिवसापासून एक सल आहे तो आहेच. मुलाचं नाव झालं, बहिणीचं झालं, आणि माझं नाव निघालं तेव्हा ते बदली खेळाडू म्हणून. जाताना मागे वळून पाहावंसं वाटलं ते त्या गवताच्या मैदानाकडे.

मत्सर करायचा तर कोणाचा. मैदानाचा.

९ फेब्रुवारी, रविवार

बारापर्यंत ठीक. कपाट आवरलं.

संध्याकाळी मोहन येऊन गेला. सु.ची गोल्फची बॅग क्लबच्या लॉकरमधून घेऊन आला होता. त्याच्या शब्दाबद्दल तो बोलला नाही, मीही काढलं नाही. फक्त विचारलं, एकेरी का घेतली होती हो?

बराच वेळ चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "माहीत नाय वैनी. तुम्हाला विचारायचं राहिलं असेल."

राहिलं असेल. इतकी वर्षं.

बॅग दाराशी उभी केली आहे. जाता येता कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. उद्या आतल्या खोलीत नेते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

निखिलशी बोलणं झालं. सिंगापूरहून त्याने क्लबचे सगळे नियम वाचून काढलेत, माझ्यापेक्षा पाठ आहेत. त्याच्या नावावर केली तर 'गैरहजर सभासद' म्हणून राहता येतं. बाहेरगावी असणाऱ्यांची सोय. हक्क शाबूत राहतो. बाबांची आठवण म्हणून राहू दे, आई. कधी परत आलो तर उपयोगी पडेल.

कधी परत येणार, असं विचारणार होते. विचारलं नाही. त्याने विषय बदलून, जेवतेस ना नीट, असं विचारलं. त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आम्हा दोघांना माहीत आहेत.

गैरहजर सभासद. आमच्या घरात तसे आता दोघे.

एक मात्र खरं, निखिलला दिली तर माझे रविवार तसेच राहतील. तिकडे कोणी जाणार नाही, इकडे मी वाल सोलत बसेन. बारापर्यंतचं माझं माझ्याकडे राहील. हे निखिलला सांगता येणार नाही, माईंना तर नाहीच. वेड लागलंय म्हणतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कोचकडे पहिला दिवस. म्हटलं, शिकून तर बघू, शिकले म्हणजे घेतलीच असं नाही. पाहुणी म्हणून आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जाता येतं. रविवारी पाहुण्यांना मनाई, त्यासाठी मेंबराला खास परवानगी काढावी लागते. उत्तमच.

गेटवर अडवलं. कॉलर पाहिजे. कुर्त्याला कॉलर नव्हती. मी म्हटलं, माझ्या वयाच्या बाईला कॉलर घालून काय करायचंय? तो म्हणाला, नियम आहे मॅडम. परत दादर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सु.चा कॉलरवाला निळा टी-शर्ट घालून गेले. गुडघ्याच्या जरा वर येतो. आरशात बघून हसू आलं, मग आलं नाही.

कोच तरुण आहे, शांत. तासभरात चेंडूला एकदाही काठी लागली नाही. गवत उडालं, माती उडाली, खांदा दुखावला, चेंडू जागच्या जागी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही, अंगण इतकं सुंदर ठेवलंय.

डोकं खाली, नजर चेंडूवर, घाई नाही. हेच तो सारखं सांगत होता. सु. मला स्कूटर शिकवताना ओरडायचा. इथे कधी ओरडला नसेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास केला नाही. माईंना केला म्हणून सांगितलं.

त्यांनी विचारलं, शिकतेस ना? हो म्हटल्यावर त्यांचा आवाज इतका हलका झाला की मलाच कसंतरी झालं. म्हणाल्या, "तो अडकून नाही ना राहिला, एवढंच मला पाहिजे. तू वाईट खेळलीस तरी चालेल गं."

वाईटच खेळते, म्हटलं. माई हसल्या. त्याच्यानंतर पहिल्यांदा.

४ मार्च, मंगळवार

लागला. आज एक चेंडू नीट लागला. जोरही लावला नव्हता. टक्क असा छोटासा आवाज आला, हाताला काही जाणवलंच नाही, आणि बघते तर चेंडू वर, अजून वर, आणि मग पार लांब त्या झाडांच्या अलीकडे पडला. कोच म्हणाला, हाच तो आवाज. याच्यासाठी लोक आयुष्यभर येतात.

मी इतकी खूश झाले की पिशवीतून फोन काढला. काढला आणि हातात धरून उभी राहिले. कोणाला सांगणार होते ते लिहीत नाही.

टॅक्सीत रडले. दादरपर्यंत.

ज्या आवाजासाठी तो जात होता तो मला कळला, आणि कळून उपयोग काय? दोघांनी एकमेकांना सांगायची गोष्ट होती ही. आता ती एकटीने बाळगायची.

९ मार्च, रविवार

घरी. होळी तोंडावर आली तरी शेव तळली नाही, लाडू नाही, वर्षभर काही गोडधोड नाही. बारापर्यंत चांगलं गेलं. कोथिंबीर निवडताना वाटलं, आता सातव्या होलला असेल. सातवं कुठे आहे ते आता माहीत झालंय. तळ्याकडून वळलं की. अधिकच खरं वाटलं.

हे चांगलं की वाईट कळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. दुखवट्याच्या वर्षात घरात पुरण शिजत नाही, म्हणून दुसऱ्यांकडून येतं. मोहन पोळ्या घेऊन आला, त्याच्या बायकोने केलेल्या, वर कटाची आमटी. डबा ठेवला आणि उठेना. चहा झाला, पाणी झालं.

मग म्हणाला, "वैनी, एक बोलायचं होतं. कावळा आधीच निघाला होता."

मी म्हटलं, म्हणजे?

"मी तोंड उघडलं तेव्हा तो कठड्यावरून उडालेला होता. मी समोर होतो, मला दिसलं. बोलायला लागलो होतो म्हणून बोलून टाकलं. तो माझ्या शब्दासाठी आलाच नव्हता. तुम्ही कॉलर घालून त्या मातीत घाम गाळताय, माझ्याच्याने बघवत नाय आता."

मग इतके दिवस गप्प का, असं विचारलं. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. एवढा मोठा धिप्पाड माणूस.

"मला पण तसंच वाटायला पाहिजे होतं. जाताना त्याला आमचा खेळ आठवला, असं. बरं वाटायचं."

त्याच्यावर रागवायचं होतं. जमलं नाही. मी माझ्याच दुःखात होते, रविवारी पहाटे खाली गाडी घेऊन येणारा माणूस आता ती गाडी कुठे थांबवत असेल, हे मनातही आलं नव्हतं. त्यानेच सांगितलं. अजून आमच्या गल्लीत येतो. दोन मिनिटं थांबतो, मग पुढे जातो.

कावळा उडाला तेव्हा माझ्या मनात काय होतं, ते आठवून बघितलं. काहीतरी मोठं असावं अशी आशा होती. ऊन फार झालंय आणि माईंनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, एवढंच होतं डोक्यात. म्हणजे तो कशाने थांबला आणि कशाने आला, ते कोणालाच कळायचं नाही. कावळा होता. भूक लागली असेल.

माईंना सांगणार नाही. त्यांचा भाऊ सुटलाय, तसाच सुटलेला राहू दे.

१५ मार्च, शनिवार

मोकळी झाले म्हणायचं. शब्द नव्हताच. आता निखिलला देऊन टाकायला कोणाची आडकाठी नाही.

गंमत अशी की पोकळ वाटतंय. त्या शब्दावर दोन महिने चिडले होते, पण धरायला काहीतरी होतं. आता सु.ला काय हवं होतं ते माहीत नाही. एकेरी का, तेही माहीत नाही. राहिलं मला काय हवंय ते. आणि तेही मला माहीत नाही, हे लिहायला लाज वाटते.

१८ मार्च, मंगळवार

गेले. जायचं कारण उरलं नव्हतं तरी गेले. सहा चेंडू चांगले लागले.

ऑफिसातल्या मुलीने विचारलं, ठरलं का मॅडम? नाही म्हटलं. ती म्हणाली, एकदा रविवारी येऊन बघा, खरा क्लब रविवारीच असतो. मोहनला सांगितलं तर त्याने लगेच परवानगी काढली. नको म्हणायला तोंड उघडलं होतं.

२३ मार्च, रविवार

आजचं लिहायला नको वाटतंय.

पहाटे मोहनची गाडी खाली आली. मीही शूज हातात घेऊन जिना उतरले, कोणाला जाग येऊ नये म्हणून घेतले देव जाणे.

खेळायला गेले नाही मोहन आणि त्यांच्या चौकडीतल्या उरलेल्या दोघांबरोबर, व्हरांड्यात बसले. न खेळणाऱ्यांची जागा. बायका चांगल्या होत्या. एकीने विचारलं, तुम्ही सुहासच्या मिसेस ना, लॅबवाल्या? मग तिने माझीच एक गोष्ट मला सांगितली, नव्या डॉक्टरने रिपोर्ट बदलायला सांगितला आणि मी त्याला कसं पाणी पाजलं ती. सु.ने रंगवून सांगितली होती म्हणे, सगळा व्हरांडा हसला होता. मी त्याला ती गोष्ट सांगितली तेव्हा तो वर्तमानपत्र वाचत होता. हूं म्हणाला होता.

तर इथे मी होते. जोडीची न घेताही दर रविवारी इथे होते. आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ इतका संताप आला. घरी सांगितलं असतंस तर, सुहास. एकदा.

मग शेवटच्या चढावरून ते आले. मोहन, त्याच्यामागे ते दोघे. हळूहळू, बॅगा ओढत. मी त्यांच्या मागे बघत राहिले. मला माहीत होतं आणि तरी मी चौथ्या माणसाची वाट बघत होते, गुडघा दुखतो म्हणून मागे राहिला असेल, येईल. तिघे व्हरांड्याच्या पायऱ्या चढून वर आले. चढ रिकामा झाला. तरी मी बघत होते.

मोहनने खुर्ची ओढली. त्याने सगळ्यांसाठी लिंबू सोडा मागवला आणि चुकून एक जास्त आला.

घड्याळात तेव्हा दहाच वाजले होते.

२५ मार्च, मंगळवार

निखिलचा फोन. मेल आला क्लबचा, आई, काय करतेस? बघते म्हटलं. त्याला बारापर्यंतचं सगळं, त्या चढासकट, सांगून टाकलं शेवटी. मग म्हणाला, मला इकडे रोजच तसं असतं. इकडे बाबा कधी नव्हतेच, त्यामुळे ते गेलेत असं वाटतच नाही. म्हणून यायला नको वाटतं.

माझाच मुलगा. खूप वेळ फोन ठेवला नाही आम्ही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी नाही. शेजाऱ्यांच्या उभ्या राहिल्या, त्या खिडकीतून बघितल्या. गिरगावात ढोल असतील. माईंना फोन केला तर त्यांनी दार लावून घेतलंय म्हणाल्या, आवाज सहन होत नाही यंदा.

मोहन आज मुद्दाम विचारून गेला होता, येता का. नको म्हटलं. ठरवून घरी राहिले. म्हटलं, आपली सकाळ आपल्याला परत मिळते का बघू. पेपर घेतला, रेडिओ लावला, वाल भिजवलेले होते ते सोलायला बसले.

मिळाली नाही. वाल सोलत होते आणि डोळ्यापुढे तो चढ. तिघे येताहेत, पायऱ्या चढताहेत, मागे कोणी नाही. सातव्या होलला कोण आहे तेही आता माहीत आहे आणि कोण नाही तेही. सुहास आज सकाळी सहापासूनच नव्हता. रेडिओ बंद केला.

इतके दिवस वाटत होतं, खेळणारी घेतली तर हे गमवावं लागेल. ते तर गेलंच, काहीच न घेता. आता घरी बसले तरी तो नाही आणि तिकडे गेले तरी नाही. तिकडे निदान तिघे आहेत ज्यांना तो नाही हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. आणि तो टक्क आवाज आहे. पण दर रविवारी तो चढ बघायचा, वर्षानुवर्षं, हे मला झेपेल का? माहीत नाही. न खेळणारी मात्र नको, एवढं ठरलं. त्या खुर्चीत पुन्हा वाट बघत बसणार नाही.

म्हणजे मी किंवा निखिल. जाणं किंवा गैरहजर.

उद्या शेवटची तारीख. ऑफिस दहाला उघडतं. निखिलने रात्री एवढंच लिहून पाठवलंय, आई, तू घे किंवा मला दे, पण मे महिन्यात मी येतोय, मला तो चढ दाखव.

वाल सोलून झाले. उद्याला पुरतील.